केस काढायच्या क्रीममधला थायो आणि स्ट्रेटनिंगमधला थायो एकच का?

लग्न ठरलेल्या मुलीला 'तुम्ही' म्हणवत नाही, म्हणून 'तू'च म्हणते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला सहा आठवडे आहेत. केस दाट, कुरळट, कमरेच्या जरा वर. गेली चार वर्षं दर महिन्याला आई लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी लावते. पार्लरवाली म्हणते, "अमोनिया-फ्री स्मूदनिंग करून टाकू, काही होत नाही." तू डब्यावरची यादी वाचलीस, त्यात थायोग्लायकोलेट (पार्लरच्या भाषेत नुसतं 'थायो') दिसलं, आणि घरातल्या केस काढायच्या क्रीमच्या ट्यूबवरही तोच शब्द सापडला. पायावरचे केस विरघळवणारी वस्तू डोक्याला लावायची का, असं तू विचारलंयस.

हो, वस्तू एकाच घराण्यातली आहे. कर्वेनगरात माझं पार्लर आहे, तेवीस वर्षं झाली. त्याआधी रसायनशास्त्रात बीएस्सी केलं होतं, त्यामुळे डब्यावरची यादी वाचायची सवय मलाही आहे. पण इतक्या वर्षांत माझ्या खुर्चीत बसून हा प्रश्न विचारणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या. तू विचारलास, म्हणून सविस्तर लिहिते. तुझ्या बाबतीत दोनच गोष्टींवर सगळं ठरणार आहे: तुझ्या केसात आधीपासून काय बसलंय, आणि एकदा सुरू झालेलं काम वेळेवर थांबवता येणारं माणूस त्या पार्लरमध्ये आहे का. पहिल्या गोष्टीचं उत्तर मला अंदाजाने माहीत आहे आणि त्याचीच मला काळजी वाटते.

आधी हे काम कसं चालतं ते बघ. केस म्हणजे केराटिन हे प्रथिन, आणि केसाच्या वजनात साधारण ५ टक्के गंधक असतं. केस जळल्याचा जो उग्र वास येतो तो बराचसा या गंधकामुळे. केराटिनच्या साखळ्या शेजारी-शेजारी असतात आणि एका साखळीतलं गंधक दुसरीतल्या गंधकाला धरून बसलेलं असतं. हे ब्लाउजच्या शिवणीतले टाके समज. केस सरळ की कुरळा, हे टाके कुठे पडलेत त्यावर बरंचसं ठरतं. घरी बेताच्या आचेवर प्रेस मारतेस तेव्हा या टाक्यांना सहसा धक्का लागत नाही. तेव्हा फक्त हायड्रोजनचे कच्चे बंध मोडतात, म्हणून ती सुती साडीची इस्त्री असते, पाणी लागलं की गेली. थायोग्लायकोलिक ॲसिडच्या रेणूत एका टोकाला गंधक आणि त्याला लागलेला हायड्रोजन असतो. ते केसाच्या आत शिरून टाके उसवतं. मग आपण केस हव्या त्या आकारात बसवायचे, रुळावर गुंडाळले तर पर्म आणि प्रेसने सरळ केले तर स्ट्रेटनिंग, आणि दुसऱ्या क्रीमने, म्हणजे न्यूट्रलायझरने, नव्या जागी टाके परत घालायचे. न्यूट्रलायझरमध्ये बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, काही कंपन्यांत सोडियम ब्रोमेट.

ब्लाउज उसवून नव्या मापाने शिवला की कापड थोडं विरतंच. केसाचंही तसंच होतं. उसवलेले सगळे टाके परत पडत नाहीत. उत्तम हात असला, चांगला माल असला, तरी केस आधीपेक्षा थोडा कमजोर होऊनच खुर्चीतून उठतो. 'काही होत नाही' हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. किती होतं आणि तुझ्या केसाला तेवढं झेपतं का, हे आधी बघायला हवं.

मग तोच थायो पायावरचे केस विरघळवतो कसा? तिथे थायोचं प्रमाण जास्त असतं असं तुला वाटेल, पण तसं नाही. युरोपच्या नियमांत केस सरळ किंवा कुरळे करायच्या मालात थायोग्लायकोलिक ॲसिड सामान्य वापरासाठी ८ टक्के आणि व्यावसायिक वापरासाठी ११ टक्क्यांपर्यंत चालतं; केस काढायच्या क्रीममध्ये फक्त ५ टक्के. पण पीएच बघ, म्हणजे वस्तू किती आम्ल की किती अल्कली ते सांगणारा आकडा; सात म्हणजे मध्यम, त्याच्या वर अल्कली. पहिल्याला ७ ते ९.५ ची मर्यादा आहे, दुसऱ्याला १२.७ पर्यंत मोकळीक. पीएच नऊवरून बारावर गेला म्हणजे अल्कली हजार पट वाढली. थायोच्या गंधकाला लागलेला हायड्रोजन अल्कलीतच सुटतो आणि तो सुटला की ते गंधक कामाला लागतं. पीएच नऊच्या आसपास त्यातला थोडाच भाग कामाला लागलेला असतो, बाराला जवळजवळ सगळा. शिवाय एवढ्या अल्कलीत केस फुगून मऊ पडतो. म्हणून ट्यूबमधलं क्रीम पाच-सहा मिनिटांत केसाचा लगदा करतं आणि स्ट्रेटनिंगचं क्रीम वीस-पंचवीस मिनिटं थांबूनही केस जागेवर ठेवतं. ठेवायला हवं, असं म्हणते. वेळ चुकली, पीएच जास्त असलेलं क्रीम नाजूक केसाला लावलं, की दोघांतलं अंतर झपाट्याने कमी होतं. तुझी शंका रास्त आहे ती इथे.

ही गोष्ट लोकरीमुळे कळली. १९३४ मध्ये अमेरिकेत गोडार्ड आणि मायकेलिस हे दोघे संशोधक केराटिनवर काम करत होते. थायोग्लायकोलिक ॲसिड अल्कलीत लोकरीतले हेच गंधकाचे बंध मोडतं, हे त्यांनी दाखवलं. त्याआधी पर्म म्हणजे केसाला रसायन लावून तापवलेल्या रुळांवर तासन् तास बसणं असे. थायो आला आणि आच न लावता पर्म करता येऊ लागला, म्हणून त्याला कोल्ड वेव्ह म्हणतात.

'अमोनिया-फ्री'बद्दल दोन वाक्यं. त्याचा अर्थ थायो नाही असा होत नाही. अमोनियाऐवजी पीएच वाढवायला इथेनॉलअमाइन घातलेलं असतं, एवढंच. त्याचा वास कमी येतो हे खरं, पण अमोनिया उडून जातो आणि हे उडत नाही, केसावरच राहतं. त्यामुळे धुण्याचं काम वाढतं. सिस्टीन किंवा सिस्टिअमाइन लिहिलेला माल असेल तर तीही गंधकाचीच मंडळी, जरा सौम्य.

आता मेंदी. इथे मी थांबून लिहिणार आहे.

नुसती मेंदी, म्हणजे पानांची शुद्ध पूड, केसाला रंग देते आणि केराटिनला चिकटून बसते. तेवढ्याने आभाळ कोसळत नाही. थायो असमान चढतो, कुठे लवकर, कुठे उशिरा, हाताळता येतं. पण तुझी आई लोखंडी कढईत भिजवते, त्यात चहाचं पाणी आणि आवळा घालते असं तू लिहिलंयस. माझी आईही तशीच भिजवायची, सकाळी कढईच्या कडेला काळी रेघ आलेली असायची. चहा-आवळ्यातलं टॅनिन आणि कढईचं लोखंड मिळून ती काळी होते, पूर्वी शाई याच मेळाने करत. रंग छान गडद येतो आणि त्या रंगाबरोबर लोखंड केसावर बसतं. एक वेळ नाही, दर महिन्याला, चार वर्षं. खालच्या टोकांवर अठ्ठेचाळीस थर.

लोखंड आणि थायो समोरासमोर आले की काय होतं ते मी शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच आठवड्यात दाखवते. पांढऱ्या चिनी मातीच्या वाटीत मेंदीच्या केसांची बारीक बट ठेवते आणि वर चमचाभर थायोचं लोशन घालते. साध्या केसांना काही होत नाही. कढईच्या मेंदीचे असले, तर मिनिटाभरात बटेच्या कडेने जांभळट रंग सुटायला लागतो आणि वाटीच्या तळाला जांभूळ चिरडल्यासारखा दिसतो. गाड्या चमकवणाऱ्या दुकानात चाकांवरची ब्रेकची लोखंडी धूळ काढायला एक द्रव फवारतात, तो पांढऱ्या गाडीवरून जांभळा होऊन ओघळतो. त्यातही थायोग्लायकोलेटच असतं. वासही तोच, एकदा पर्मचा वास नाकात बसलेला माणूस डोळे मिटून ओळखेल.

जांभळा रंग धुतला की जातो, त्याची भीती नाही. त्यातून कळतं ते महत्त्वाचं: केसात लोखंड आहे. लोखंड असलं की थायो वेडावाकडा खर्च होतो, आणि पुढच्या पायरीला पेरॉक्साइड आलं की ते लोखंड पेरॉक्साइडला झपाट्याने फोडतं. टाके परत घालायला आणलेली वस्तू मग केसालाच आतून खाते. बाजारातल्या 'काळी मेंदी'ची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी हा हेअर-डायमधला रासायनिक रंग असतो. केस काळे करायच्या काही जुन्या धाटणीच्या द्रवांत शिशाचे किंवा चांदीचे क्षार असतात, त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस हाताला गरम लागेपर्यंत तापतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पार्लर सुरू करून तिसरं वर्ष होतं. एक बाई भाचीच्या लग्नासाठी आल्या, "पटकन करून दे" म्हणाल्या. मी रंगाबद्दल विचारलं, त्या "नाही, रंग नाही" म्हणाल्या. मेंदीला त्या रंग समजत नव्हत्या आणि मी मेंदी असा शब्द घेऊन विचारलं नाही. चूक माझी. थायो धुतला तेव्हा केस ठीक वाटले. न्यूट्रलायझर लावून कंगवा फिरवला आणि उजव्या कानामागची एक बट कंगव्याबरोबर लांबत गेली, शिजलेल्या शेवईसारखी, आणि परत आखडलीच नाही. हाताशी तुटली. त्या दिवशी त्यांचे पाठभर केस मी खांद्यापर्यंत कापले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आरशात बघत बसल्या. तेव्हापासून माझ्याकडे बटेची परीक्षा झाल्याशिवाय थायोचा डबा उघडत नाही, कितीही घाई असली तरी.

तू धायरीत राहतेस आणि सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी येतं, असं लिहिलंयस. तेही मोजायला हवं. खडकवासल्याचं पाणी केसाला बरं असतं, बोअरचं बहुधा जड. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर बसतो, कधी लोखंडही येतं. नळाखाली फरशीवर तांबूस डाग पडत असतील तर तुझ्या केसात आईच्या कढईखेरीज आणखी एका वाटेने लोखंड येतंय.

आणखी एक गोष्ट तुझ्या प्रश्नात नाही, पण पार्लरवालीला विचारून घे. 'स्मूदनिंग', 'केराटिन', 'बोटॉक्स' ही नावं आपल्याकडे कशालाही देतात. काहींत थायो असतो. काहींत फॉर्माल्डिहाइड सोडणारी द्रव्यं असतात, ती प्रेसखाली वाफ होऊन नाकात जातात, आणि फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे हे वादातीत आहे. काहींत ग्लायऑक्सिलिक ॲसिड असतं. त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या घटना डॉक्टरांनी अलीकडच्या वर्षांत नोंदवल्या आहेत, म्हणून मी ते ठेवणं बंद केलं. आणि कॉस्टिक सोड्याचे रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करायची दुसऱ्या जातीची क्रीम, वेगळेच. ते गंधकाचा टाका कायमचा बदलून टाकतात. त्या केसावर थायो किंवा थायोच्या केसावर ते, दोन्ही चालत नाही, केस तुटतात. डब्यावरचं नाव बाजूला ठेव, मागची यादी वाच. तुला ते जमतंच.

तर तुझं काय करायचं? माझं मत स्पष्ट सांगते: लग्नाआधी करू नकोस.

केसांच्या जोखमीखेरीज एक साधं कारण आहे. तू नऊवारी नेसणार आहेस आणि खोपा घालणार आहेस. खोप्याला, अंबाड्याला केसात थोडी पकड लागते. थायोने सपाट केलेल्या केसावरून पिना घसरतात, गजरा दोन तासांत खाली येतो, मुंडावळ्यांची दोरी सरकते. हा माझ्या दर लग्नसराईतला अनुभव आहे. नवरीच्या केसाला मुळातच बाक असला की मी मनातून खूश असते, निम्मं काम झालेलं असतं. केस सरळ हवेत ते बहुधा रिसेप्शनला, मोकळे सोडायचे म्हणून. एका संध्याकाळसाठी उष्णतेपासून वाचवणारं क्रीम लावून चांगला ब्लो-ड्राय आणि प्रेस पुरतो. शिवाय थायोचा वास दोन-तीन आठवडे तरी केस ओले झाले की परत येतो. हळदीच्या दिवशी डोक्यावरून पाणी ओतलं की तोच वास येणार.

लग्नानंतर करायचंच असेल, तर आजपासून कढईची मेंदी बंद. आईला वाईट वाटेल, पण काचेच्या भांड्यात भिजवलेली शुद्ध पूड चालेल म्हणून सांग. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे सहा महिन्यांत मुळाशी सात-आठ सेंटिमीटर कोरा केस येईल. खालचा सगळा लोखंडाचाच राहील, धातू धरून काढणाऱ्या कीलेटिंग शॅम्पूने थोडाफार उतरेल, पूर्ण नाही. मग परीक्षा. चांगली निघाली तर कर, नाहीतर जुनी लांबी कापली जाईपर्यंत थांब. यात सरसकट उत्तर नाही. दोन मुलींची मेंदी सारखी नसते.

खुर्चीत बसशील तेव्हा काय बघायचं? क्रीम टाळूपासून बोटाच्या पेराएवढं दूर लावताहेत का. दर पाच-सात मिनिटांनी एखादा केस पुसून ओढून बघताहेत का, की घड्याळ लावून फोनवर बोलताहेत. चांगला ओला केस ओढला की थोडा ताणतो आणि परत जागेवर येतो. ताणून तसाच राहिला तर त्या क्षणी धुवायचं, वेळ शिल्लक असली तरी. थायो धुणं किमान दहा मिनिटांचं काम आहे, कारण आत उरलेला थायो न्यूट्रलायझर खाऊन टाकतो आणि टाके अर्धवट राहतात. मी बटेबटेने बोटं घालून धुते, बुळबुळीतपणा जाईपर्यंत. आणि बघ, त्या मुलीच्या हातात हातमोजे आहेत का. पहिली चार वर्षं मी उघड्या हाताने काम केलं, उजव्या हाताच्या बोटांची कातडी पेराशी फाटायची, भाकरीचं पीठ मळताना पाणी यायचं डोळ्यांतून. जी मुलगी स्वतःचे हात जपते, ती तुझी टाळूही जपेल असा माझा अनुभव आहे.

केस काढायच्या क्रीमचं थोडक्यात. हातापायांना चालतं. कातडीचा वरचा थरही केराटिनचाच, फक्त त्याच्यात गंधकाचे टाके केसापेक्षा कमी असतात, म्हणून केस आधी जातो. या सवलतीला वेळेची मर्यादा आहे. ट्यूबवर लिहिलेल्या मिनिटांच्या पलीकडे एक मिनिटही नको. चोवीस तास आधी कोपराच्या आत थोडं लावून बघ. त्वचेवर रेटिनॉल किंवा सोलणारं काही लावत असशील तर नको, आणि थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच यांच्याच दिवशी तर नकोच. हळदीच्या आदल्या दिवशीही टाळ. त्यावर दुसऱ्या दिवशी उटणं रगडलं तर चरचरून निघशील. चार-पाच दिवस आधी उरक.

आणि आज रात्रीपासून एक काम कर. विंचरताना कंगव्यात येणारं गुंतवळ टाकू नकोस. पूर्ण लांबीचे केस सोडवून वेगळे ठेव, चाळीस-पन्नास झाले की मुळांची टोकं एका बाजूला करून दोऱ्याने बांध. ते पार्लरमध्ये घेऊन जा आणि दोन वाट्यांत परीक्षा करायला सांग. अर्ध्या बटेवर त्यांचंच थायोचं क्रीम पंधरा मिनिटं, जांभळं होतंय का बघायचं. उरलेल्या अर्ध्या बटेवर २० व्हॉल्यूमचं (म्हणजे साधारण सहा टक्क्यांचं) पेरॉक्साइड आणि अमोनियाचे काही थेंब, अर्धा तास. बुडबुडे, वाटी कोमट लागणं, रंग पालटणं, यातलं काही झालं तर त्या केसाला थायो लागता कामा नये. ही परीक्षा करायला जे पार्लर नाही म्हणेल, तिथे पुढचं काही विचारू नकोस. वाटीत जे दिसेल त्याचा फोटो इथे टाक, मी बघून सांगते.